हिरड्यांचें रक्त

दांत घासतांना थुंकी लालसर पडली कीं आपण चूळ भरतों आणि ती गोष्ट विसरून जातों. दुखत नाहीं, मग काळजी कसली? परंतु न दुखणें हीच या विकाराची खरी लबाडी होय.

१९६५ सालीं डेन्मार्कमधील आर्हुस येथें हॅराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनीं एक प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनीं दांत घासणें मुद्दाम बंद केलें. त्यांत विद्यार्थीही होते. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणें पुन्हां सुरू केल्यावर त्या पूर्ववत् झाल्या. (वाचकांनीं हा प्रयोग घरीं करूं नये, कित्येकांचा तो चालूच असेल म्हणा!)

दांतांच्या मुळाशीं जंतूंचा चिकट थर बसतो. तो काढला नाहीं तर त्याचें दगडासारखें कीट बनतें, हिरडी दांतापासून सुटते व आंतलें हाड झिजूं लागतें. तें सहसा पुन्हां भरून येत नाहीं.

जंतु तेथेंच थांबत नाहींत. ते रक्तांत शिरतात. ज्याच्या हृदयाच्या झडपा आधींच सदोष आहेत, त्यास यापासून प्राणघातक दाह संभवतो. मधुमेहाशीं तर दुहेरी नातें आहे : मधुमेहानें हिरड्या बिघडतात, व बिघडलेल्या हिरड्यांमुळें रक्तांतील साखर आवरणें कठीण जातें. म्हणून मधुमेही आजोबांचे दांत हलूं लागले तर "वय झालें" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. आजीच्या मिश्रीसही औषध समजूं नये. ती तंबाखूच आहे. विडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून तर पुष्कळदां रक्तही येत नाहीं, आणि रोग आंतल्या आंत वाढत राहतो.