सुतारकामाचं एक वर्ष गेलं कुठं?

(रेडिओवरील भाषण)



मागच्या महिन्यात गटाची बैठक संपली, हप्ते गोळा झाले, वही मिटली, तरी एक ताई तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या पोरीनं दहावीनंतर वर्षभर आयटीआयला सुतारकाम केलं. पास झाली. तिच्या मैत्रिणीनं इलेक्ट्रिशियन केलं, तिला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतलं. माझ्या पोरीला सांगितलं, पहिल्यापासून सुरू कर. मग तिचं वर्ष गेलं कुठं?"

प्रश्न अगदी सरळ आहे. उत्तर जरा वळणाचं आहे, पण ते समजून घेतलंच पाहिजे, कारण आता आपल्याकडच्या मुलीही रंधा-पटाशी हातात घ्यायला लागल्यात.

आयटीआयमधला सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियन, फिटर हे दोन वर्षांचे. डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात जायचं, तर दहावीवर योग्य ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय लागतो. एक वर्ष केलेलीला अर्धा प्रवेश मिळतो असं काही नाही. तिला काहीच सूट नाही. म्हणजे मुलगी कमी शिकली असं नव्हे, तिचं शिक्षण मोजायचं मापच तिथं नव्हतं. वर्ष मोजलं जात होतं, त्यात काय शिकलं ते नाही.

हे माप बदलायचं काम आता देशात सुरू आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. क्रेडिट म्हटलं की आपल्या पोटात आधी कर्जाचा गोळा येतो, पण इथं उलट आहे. इथं क्रेडिट म्हणजे जमा. शिकण्याचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. त्यात वर्गातलं शिकणं आलं, कार्यशाळेतलं हातकाम आलं, बाहेर प्रत्यक्ष कामावर घालवलेले तासही आले. पूर्ण वर्षाचे साधारण १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. शाळा, कॉलेज, आयटीआय, सगळ्यांना हाच हिशेब.

आता सुतारकामाचा अभ्यासक्रम पाहा. पूर्वी तो वर्षाला १६०० तासांचा होता. २०२२ मध्ये तो नव्यानं बांधला, आणि तास १२०० केले. त्यातले ८४० तास हातकाम, २४० तास त्यामागचं ज्ञान, १२० तास रोजगार कौशल्यं, म्हणजे बोलणं, अर्ज करणं, संगणक वगैरे. याशिवाय १५० तास एखाद्या कारखान्यात किंवा कामाच्या जागी जाऊन शिकायचं. तीसनं भागून पाहा, बाराशेचे बरोबर चाळीस. दीडशेचे आणखी पाच. कॉलेजातल्या एका वर्षाशी हा आकडा जुळतो.

तासांबरोबर स्तरही ठरतो. दहावी म्हणजे तिसरा स्तर, बारावी म्हणजे चौथा. एक वर्षाचा सुतारकामाचा ट्रेड तिसऱ्या स्तरावर आहे. इथं घोटाळा होऊ देऊ नका. स्तर दहावीचा म्हणजे दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं असं नाही. दहावीच्या प्रमाणपत्राला भाषा आणि बाकीचे विषय लागतातच.

नुसते तास लिहून मात्र भागत नाही. आपल्या गटाचंच घ्या. एखादी बाई लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि तिथल्या गटाला म्हणाली, माझी तीन वर्षांची बचत आहे, तर त्या काय म्हणतील? वही दाखव. कोणत्या महिन्यात किती, कुणाच्या सहीनं. अभ्यासक्रमाचंही तेच. "सुतारकाम शिकवलं" एवढं लिहिलेला कागद दुसऱ्या संस्थेच्या कामाचा नाही. त्यावर हवं ते असं: ही मुलगी पटाशी आणि रंध्याला धार लावते. नकाशा वाचून माप घेते, लाकूड गुण्यात कापते. एका लाकडाला चौकोनी भोक पाडून दुसऱ्याचं कुसू त्यात घट्ट बसवते. दाराची चौकट उभी करते. प्लायवूडवर सनमायका चिकटवते. प्रत्येकाला किती तास लागले, परीक्षा कुणी घेतली, कोणत्या स्तराची. असे तुकडे पाडले की समोरची संस्था म्हणू शकते, हा भाग आमच्याकडे आहे, तो तुला परत करायला नको.

तुकडे पाडण्याचा मुद्दा बायकांसाठी फार मोलाचा आहे. याच ताईंच्या वहिनी. दहावीला गणितात अडकल्या, तरी सुतारकामाला प्रवेश मिळाला, कारण आपल्या राज्यात या ट्रेडला दहावी नापासही चालतं. आठ महिने गेल्या. मग बाळंतपण आलं. आयटीआयच्या परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि एक वर्षाच्या ट्रेडची परीक्षा वर्षाच्या शेवटी. वहिनींचे आठ महिने कुठल्याच कागदावर नाहीत. घरातला पाट, देव्हारा, कोंबड्यांचं खुराडं त्यांच्या हातचं आहे, पण ते कोण मोजणार? दर दोन-तीन महिन्यांच्या भागाची परीक्षा तिथल्या तिथं झाली असती, तर निदान वीस क्रेडिट त्यांच्या नावावर राहिली असती, आणि पुढच्या वर्षी तिथूनच पुढं जाता आलं असतं. कोणी ऊसतोडीला जाते, कोणाची सासू आजारी पडते. आपलं शिक्षण सलग होत नाही, हे धरूनच अभ्यासक्रम बांधायला हवा. माझ्या मते सुधारणेतलं हेच काम सगळ्यात निकडीचं आहे, आणि तेच सगळ्यात मागं पडलंय.

एक काळजीही बोलून दाखवते. सोळाशेचे बाराशे झाले, म्हणजे चारशे तास गेले. रंधा हातात बसायला वेळ लागतो. पहिले कित्येक दिवस लाकूड नुसतं ओरबाडलं जातं, हे कुठलाही जुना सुतार सांगेल. हिशेब जुळला आणि हात कच्चा राहिला, तर बाजारात त्या मुलीला काम कोण देईल? म्हणून ते बाहेरचे दीडशे तास खरेखुरे झाले पाहिजेत, नुसत्या सहीपुरते नकोत. मुलीला कामावर पाठवताना तिथं संडास आहे का, संध्याकाळची एसटी मिळते का, सोबत दुसरी मुलगी आहे का, हे संस्थेनं बघायला हवं. नाहीतर मुलींचेच तास कागदावर भरले जातात.

आता क्रेडिट जमा कुठं होतात? २०२१ मध्ये अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. मूळ ती कॉलेजांसाठी होती, पुढं राष्ट्रीय आराखड्यानं शाळा आणि कौशल्य शिक्षणालाही त्यात जागा दिली. खातं डिजिलॉकरवरून उघडतं, 'अपार' नावाचा बारा आकडी क्रमांक मिळतो. कॉलेजच्या नियमात ही जमा जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येते. पण बँकेत जमा असली तरी पुढची संस्था ती धरेलच असं नाही. कोणती आणि किती क्रेडिट घ्यायची, हे ती संस्था आपल्या नियमानं ठरवते. ताईंच्या मुलीला डिप्लोमाचं उत्तर आजही तेच मिळालं असतं. तिथं नियमच बदलावा लागेल.

मग आज हाती काय आहे? वहिनींसाठी एक दार उघडं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला एनआयओएस म्हणतात, तिथं दहावीला किमान पाच विषय लागतात, त्यात एक तरी भाषा. आधीच्या मान्यताप्राप्त मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंत तिथं धरून घेतात. वहिनी मराठी आणि समाजशास्त्रात पास होत्या. म्हणजे उरले तीन. त्यातला एखादा व्यावसायिक विषयही चालतो. सगळे एकदम द्यायची सक्तीही नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आयटीआयमध्ये शिकत असलेल्या मुलींनाही वर्षाला २४० तासांपर्यंत जादा अभ्यास घेऊन दहावी-बारावीची तयारी करण्याची सोय अभ्यासक्रमातच ठेवली आहे. आपल्या आयटीआयमध्ये ती चालू आहे का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी कुणी विचारतच नाही.

कामाच्या अनुभवाचीही तपासणी करून प्रमाणपत्र मिळतं, त्याला आरपीएल म्हणतात, म्हणजे आधी शिकलेल्याला मान्यता. नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षं फर्निचरचं काम केलेल्या बायका यात बसू शकतात. मात्र परीक्षा द्यावी लागते, अनुभव नुसता सांगून चालत नाही.

प्रवेश घेण्याआधी संस्थेत तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोण देणार, राष्ट्रीय परिषद, राज्य मंडळ की संस्थाच? गुणपत्रिकेवर तास आणि स्तर येणार का? मध्येच सोडावं लागलं तर झालेल्या भागाचा कागद मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकदा "नाही" असंच उत्तर येईल. तरी विचारा, आणि गटाच्या नावानं लेखी विचारा.

आणि नाव. आधारवर माहेरचं, गुणपत्रिकेवर सासरचं, डिजिलॉकरवर तिसरंच, असं असेल तर क्रेडिट जुळत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलींनी लग्नाआधीच डिजिलॉकर आणि अपार क्रमांक करून घ्यावा. पुढच्या बैठकीला येताना आधारकार्ड, दहावीची गुणपत्रिका, मग नापासाची का असेना, आणि आयटीआयचे जे असतील ते कागद घेऊन या. वहिनीही येणार आहेत, तीन विषयांचा अर्ज भरायला.