हळदीचे उपयोजित संशोधन व विपणन

हळद (शास्त्रीय नाव: करक्युमा लाँगा) हे आले कुळातील कंदवर्गीय पीक असून मसाला, रंगद्रव्य आणि औषधी वनस्पती अशा तिन्ही नात्यांनी त्याची लागवड केली जाते. जगातील एकूण उत्पादनाचा ७० टक्क्यांहून अधिक वाटा भारताचा आहे. महाराष्ट्रात सांगली, सातारा, हिंगोली, नांदेड व परभणी हे जिल्हे हळदीसाठी ओळखले जातात. शेतातून निघालेला ओला कंद थेट बाजारात विकला जात नाही. तो शिजवून, वाळवून व घासून मगच व्यापाऱ्यापुढे येतो. त्यामुळे या पिकाविषयीचे संशोधन केवळ वाणांपुरते न राहता प्रक्रिया, प्रशिक्षण, औषधी गुणधर्म व बाजारव्यवस्था यांपर्यंत पसरलेले आहे.

वाण

हळदीची वाढ कंदांपासून होते. लागवडीसाठी जेठे गड्डे (मातृकंद), बगल गड्डे किंवा हळकुंडे वापरतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होणारी लागवड आठ-नऊ महिन्यांनी काढणीस येते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील हळद संशोधन योजनेतून ‘कृष्णा’ व ‘फुले स्वरूपा’ हे वाण प्रसारित झाले. कोळिकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेच्या ‘प्रभा’ व ‘प्रतिभा’ या वाणांत कुर्क्युमिनचे प्रमाण ६ टक्क्यांच्या वर आढळते. त्याच संस्थेचा ‘प्रगती’ हा वाण सुमारे १८० दिवसांत तयार होतो, म्हणून कमी पाण्याच्या भागात त्याला विशेष महत्त्व आहे. शेतकरी मात्र वाण निवडताना कुर्क्युमिनपेक्षा उतारा, कंदकुजीला प्रतिकार आणि बेण्याची उपलब्धता यांचा विचार आधी करतो. बाजाराची सध्याची रीत पाहता तो हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

काढणीनंतरची प्रक्रिया व प्रशिक्षण

१०० किलो ओल्या हळदीपासून साधारणपणे २० ते २५ किलो सुकी हळद मिळते. वर्षभराच्या श्रमाचे मोल शेवटच्या तीन आठवड्यांत ठरते, ते असे. कंद शिजवल्याने त्यातील पिष्टमय पदार्थ चिकटसर होऊन कंद पुढे टणक वाळतो, रंग सर्वत्र सारखा पसरतो आणि कच्चा वास जातो. कमी शिजलेली हळद वाळल्यावर ठिसूळ होते व तिला कीड लवकर लागते, तर जास्त शिजलेल्या हळदीचा रंग बिघडतो. टोकदार काडी कंदात सहज शिरली की शिजणे पुरे झाले, ही जुनी खूण आजही वापरात आहे.

पूर्वी मोठ्या काहिलीत कंद भरून वर पाला झाकत व खाली चुलवणाचा जाळ करीत. या पद्धतीत तळाचे कंद जास्त व वरचे कमी शिजत. सुधारित पद्धतीत छिद्रे पाडलेल्या पिंपांत हळद भरून ती पिंपे उकळत्या पाण्याच्या काहिलीत ठेवतात. तेच पाणी पुन्हा वापरता येते आणि इंधनही वाचते. त्यापुढची पायरी म्हणजे बाष्पकावर चालणारे, ट्रॅक्टरने शेतावर नेता येणारे कुकर. शिजलेली हळद १० ते १५ दिवस उन्हात वाळवून फिरत्या पिंपात पॉलिश करतात.

यातील प्रत्येक टप्प्यावर कसब लागते आणि ते पुस्तकातून येत नाही. कृषी विज्ञान केंद्रे व कृषी विद्यापीठे काढणीच्या हंगामात यासाठी प्रात्यक्षिके घेतात. हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्यात आले आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन १४ जानेवारी २०२५ रोजी झाले. त्याचे मुख्यालय तेलंगणातील निझामाबाद येथे आहे.

औषधी गुणधर्मांचे संशोधन

हळदीतील पिवळे द्रव्य १८१५ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले आणि त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. प्रयोगशाळेतील पेशींवर कुर्क्युमिनचा दाहशामक परिणाम वारंवार दिसून आला असला, तरी पोटात घेतल्यावर ते रक्तात फारच अल्प प्रमाणात पोहोचते. बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये २ ग्रॅम कुर्क्युमिनसोबत काळ्या मिरीतील २० मिलिग्रॅम पायपरिन दिले असता माणसांत हे शोषण सुमारे २,००० टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. ही संख्या जाहिरातींत फार वापरली जाते. पण मुळातले शोषण जवळजवळ शून्य होते, हे तिथे सांगितले जात नाही. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधील एका विस्तृत आढाव्याने कुर्क्युमिन अस्थिर असून अनेक चाचण्यांत दिशाभूल करणारे निष्कर्ष देते, असे मत मांडले. उच्च मात्रेच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणे इटली व अमेरिकेत नोंदली गेली आहेत. स्वयंपाकातील हळद आणि अशा गोळ्या यांत मात्रेचा मोठा फरक आहे.

पेटंटचा वाद

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर परिषदेचे महासंचालक होते. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील केवळ तोंडी किंवा घरगुती परंपरा पुरावा म्हणून चालत नसे. ज्ञान छापील स्वरूपात उपलब्ध असणे आवश्यक होते. त्यामुळे घरोघरी जखमेवर हळद दाबतात, एवढे सांगून भागणार नव्हते. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत जुन्या संस्कृत ग्रंथांबरोबरच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने नावीन्याच्या अभावी हे दावे फेटाळले. मराठी वृत्तपत्रांनी माशेलकरांना ‘हळदीघाटीचा योद्धा’ असे संबोधले. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. जगभरच्या पेटंट तपासनिसांना भारतीय वैद्यकग्रंथांतील नोंदी त्यात शोधता येतात.

साठवण व बाजार

सांगलीजवळ कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर येथे हळद जमिनीखालील पेवांत साठवण्याची परंपरा होती. अरुंद तोंडाच्या या खोल खड्ड्यांत हळद भरून तोंड मातीने बंद करीत. आतील प्राणवायू संपल्याने किडींचा शिरकाव होत नसे. पेव उघडल्यावर कंदील खाली सोडून, तो विझत नाही याची खात्री झाल्यावरच माणूस उतरत असे. २००५ च्या महापुरात अनेक पेवांचे नुकसान झाले आणि साठवण शीतगृहे व गोदामांकडे वळली. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत हळदीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, त्यामुळे काढणीच्या गर्दीत पडत्या भावाने विकण्याची निकड कमी होते.

वायगाव हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लिलावात मात्र अजूनही रंग, जाडी, टणकपणा व हळकुंड मोडताना येणारा आवाज यांवर भाव ठरतो. कुर्क्युमिन तेथे मोजले जात नाही. त्यामुळे अधिक कुर्क्युमिनचा वाण लावल्याचा मोबदला अर्क काढणाऱ्या कारखान्याशी थेट करार असलेल्यालाच मिळतो. शिजवून पॉलिश केलेली हळद शेतमाल आहे की नाही, यावरही महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराच्या संदर्भात वाद झाला. अग्रिम निर्णय प्राधिकरणाने अडत्यांच्या विरोधात दिलेला निर्णय अपिलात फिरला.

भेसळ

डोळ्यांनी रंग पाहून भाव देण्याची पद्धत भेसळीला वाव देते. पॉलिश करताना लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य लावल्यास निस्तेज हळकुंडेही चमकतात. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपायकारक आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील सुमारे ४७ टक्के नमुन्यांत ही भेसळ सापडली. त्यानंतर तेथील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने व्यापाऱ्यांना इशारे दिले, घाऊक बाजारात यंत्राने तपासणी केली व दोषींना दंड ठोठावला. २०२१ मध्ये घेतलेल्या नमुन्यांत भेसळ आढळली नाही.