चौरस हा आयत आहे का?

दोडामार्ग परिसरात जांभ्या चिऱ्यांचं घर बांधायचं, तर आधी दोरीने पायाची आखणी होते. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या, तरी आखणी तिरकी असू शकते. तो नुसता समांतरभुज चौकोन. दोन्ही कर्णही सारखे भरले, की कोपरे काटकोनात आले, म्हणजेच आयत झाला.

हे वर्गात करून पाहा. माडाच्या झावळीचे सारख्या लांबीचे चार हीर घ्या आणि टोकं दोऱ्याने सैल बांधा. हा समभुज चौकोन. तो दाबला की बाजू तशाच राहतात, कर्ण मात्र बदलतात. एका क्षणी कर्ण सारखे होतात आणि चौरस दिसतो. मुलांना विचारा : आता तो समभुज राहिला नाही का? कर्ण सारखे, मग आयतही नाही का?

आयत आणि समभुज चौकोन ही समांतरभुज चौकोनाचीच दोन घराणी. चौरस दोन्हींत बसतो.

‘चौरस आयत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला गप्प करू नका. युक्लिडनेही आयताच्या व्याख्येतून चौरस वगळला होता. आज आपण तो आत घेतो, कारण आयताबद्दल एकदा सिद्ध केलेलं चौरसासाठी पुन्हा सिद्ध करावं लागत नाही.