सेल्फ लागत नाही तेव्हा

माहूरगडावर रेणुकामातेचं दर्शन घ्यायचं, दत्तशिखर, अनसूयाशिखर करायचं आणि गाडीतळावर परतायचं. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज, बॅटरी उतरलेली. मग कुणीतरी सुचवतं, ‘उतारावर सोडा, आपोआप चालू होईल.’ घाटात यासारखा घातक सल्ला नाही. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पाय दाबला की संपते. पुढच्या वळणावर गाडी आवरत नाही.

मराठवाड्यात बॅटरीचा जीव खातो तो उन्हाळा. मे महिन्यात नांदेडकडे पारा 42 अंशांपुढे जातो. बॉनेटखाली त्याहून जास्त. या उष्णतेनं शिशाच्या जाळ्या गंजतात आणि आम्लातलं पाणी उडतं. पण ही झीज अनेकदा उघडी पडते ती थंडीतल्या पहाटे. तेव्हा ऑइल घट्ट झालेलं असतं, सेल्फला जोर जास्त लागतो आणि बॅटरी मात्र नेहमीपेक्षा कमी देते.

लोक लगेच नवी बॅटरी आणतात. दोष अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा असेल तर तीही चार दिवसांत उतरते आणि पैसे जातात. काही शे रुपयांचा मल्टिमीटर हा घोळ टाळतो. मीटरचा नॉब डीसी 20 व्होल्टवर ठेवावा. लाल वायर मीटरच्या अँपिअरच्या भोकात नाही, हे आधी नीट बघावं. त्या भोकातून व्होल्टेज मोजायला गेलं तर थेट शॉर्ट होतो.

गाडी काही तास बंद असेल तर भरलेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12 च्या आसपास आली तर ती जवळपास रिकामी समजावी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरी थकलेली किंवा उतरलेली. पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासावं. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. तिथेही आकडा 12 वरच अडकला तर बेल्ट, वायरिंग किंवा अल्टरनेटर बघावा. आकडा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटरवर संशय घ्यावा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर तोच अडथळा असू शकतो, म्हणून आधी तो साफ करावा.

काही गॅरेजांत अजूनही चालत्या इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग’ तपासतात. ही पद्धत बंदच व्हायला हवी. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जळू शकतो. एका ईसीयूच्या किमतीत कितीतरी बॅटऱ्या येतात.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्के झालं तरी ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. म्हणून जवळ विडी-काडी नको, हातात कडं-अंगठी नको, डोळ्यांवर चष्मा हवा. वायर सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर स्टार्ट करताना शेवटची काळी केबल बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब लावावी. आम्ल डोळ्यात उडालं तर स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा मिनिटं सतत डोळा धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. बॅटरी फुगली किंवा तडकली असेल तर केबल लावूच नये, वायरमनला बोलवावं.