वाळवंटातले विमानघर आणि आमचा धाकटा

आपल्या वस्तीतला मुलगा 'गल्फ'ला गेला की त्याच्याविषयी दोनच प्रश्न विचारले जातात. पैसे आले का, आणि तो कधी येणार? तो तिथे राहतो कसा, काम काय करतो, त्याच्या मनात काय चालले आहे, हे आपण विचारीत नाही आणि तोही सांगत नाही.

माझा धाकटा भाऊ सहा वर्षे शारजात एअरकंडिशनर दुरुस्तीचे काम करतो. आमचे वडील वारले तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मोबाईलच्या पडद्यावर तो हात जोडून बसला होता. त्या दिवसापासून आईने धोसरा काढला, "त्याला येता येत नसेल तर आपण जाऊ." दोन वर्षे भिशी लावली, थोडे पतपेढीतून उचलले आणि दिवाळीच्या सुटीत आई, पत्नी, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि मी असे पाचजण विमानात बसलो. पाचही जणांचा हा पहिलाच विमानप्रवास. मुंबईहून शारजा तीन तासांवर आहे. गावी जायला एसटीने आम्हाला याहून जास्त वेळ लागतो!

वाळू आणि पाणी

भाऊ आठजणांच्या खोलीत राहतो, तेव्हा आमची सोय तिथे होणे शक्य नव्हते. तिकडे कुटुंबासह राहणाऱ्या एका समाजबांधवाने आपली एक खोली आम्हाला दिली. परमुलखात "जयभीम" म्हणून दार उघडणारा माणूस भेटला की अर्धा शीण तिथेच जातो. रविवारी सकाळी त्यांच्या घरी त्रिशरण-पंचशील घेतले आणि त्यांच्याच गाडीतून वाळवंट पाहायला निघालो.

शहर संपले की तांबूस वाळूच्या टेकड्या लागतात. वारा वाळू हलवतो आणि टेकडीचा आकार बदलतो. मुलांनी अनवाणी पळून पाहिले. उंटावर बसण्याचा दर ऐकून मात्र आम्ही उंटाबरोबर फोटो काढण्यावर समाधान मानले.

तिथून आम्ही अल ऐन येथे गेलो. ओसाड वाळूत अचानक खजुरांचे दाट बन लागते. सुमारे १ लाख ४७ हजार झाडे या बनात आहेत. येथील प्राचीन स्थळांना युनेस्कोने २०११ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाऊस जवळजवळ नसलेल्या मुलखात एवढी झाडे जगली ती 'फलज' या पाटांमुळे. डोंगराच्या पायथ्याचे भूगर्भातले पाणी जमिनीखालून खोदलेल्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर, पंपाशिवाय बागेपर्यंत आणलेले आहे. पाळ्या ठरलेल्या असतात. अमक्याच्या बागेला अमुक वेळ, मग पाट बंद करून पुढच्याचा.

मुलगा म्हणाला, "पप्पा, इथे पाणी कमी म्हणून वाटून घेतात. मग महाडला तर तळे भरलेले होते!"

मला पटकन उत्तर सुचले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले तेव्हा तळ्यात पाण्याचा तुटवडा नव्हता, तुटवडा माणुसकीचा होता. अरबस्तानात पूर्वी सारे समान होते असे मी म्हणत नाही. गुलामगिरी तिथेही होती. परंतु पाण्याला माणसाच्या सावलीचा विटाळ होतो, हा शोध लावायला आपलाच देश लागला, हे सातवीतल्या पोराला समजले, यातच सहलीचे अर्धे पैसे वसूल झाले.

"तिथे आपले काय काम?"

दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "काका, इथे विमानांचे म्युझियम आहे. तुम्ही पाहिलेय?"

भावाने मान हलवली. "त्याच रस्त्याने रोज कंपनीची बस जाते. पण तिथे आपले काय काम?"

हे वाक्य माझ्या काळजाला लागले. आपल्या वाडवडिलांना हेच वाक्य शिकवले गेले होते. शाळेत आपले काय काम? तळ्यावर आपले काय काम? कचेरीत आपले काय काम? बाबासाहेबांनी आयुष्य वेचून ते वाक्य पुसले, आणि आयटीआय झालेला माझा भाऊ ते परक्या देशात पुन्हा बोलत होता! आठजणांच्या खोलीत राहून माणूस स्वतःला लहान समजू लागतो. मी म्हटले, "उद्या अर्धा दिवस सुटी काढ. तूच आम्हाला दाखवायचे."

१९३२ सालचे विमानतळ

संग्रहालयाचे नाव अल महत्ता. महत्ता म्हणजे थांबा, स्टेशन. शहराच्या मध्यभागी, उंच इमारतींच्या गर्दीत किल्ल्यासारखी ही बैठी वास्तू उभी आहे. सध्याच्या संयुक्त अरब अमिरातींच्या प्रदेशातील हे पहिले विमानतळ.

त्याची हकिकत आपल्या देशाशी जोडलेली आहे. इंग्लंडची इंपिरियल एअरवेज ही कंपनी लंडनहून हिंदुस्थानला टपाल आणि प्रवासी आणीत असे. आधी विमाने इराणच्या किनाऱ्याने येत. इराणने तो मार्ग बंद केला, तेव्हा कंपनीला समोरच्या अरब किनाऱ्यावर मुक्कामाची जागा हवी झाली. शारजाच्या शेखांनी १९३२ च्या जुलैमध्ये करार केला. जागेचे भाडे दरमहा ८०० रुपये, शिवाय शेखांना स्वतःचे ५०० रुपये. होय, रुपये! त्या काळी या किनाऱ्यावर हिंदुस्थानचा रुपया चालत असे. जपानच्या कृत्रिम पैदाशीच्या मोत्यांमुळे तिथला मोत्यांचा धंदा बुडत चालला होता, म्हणून या भाड्याचा मोठा आधार झाला. तेल पुढे निघाले. तोवर तिकडचे व्यापारी मोती विकायला आपल्या मुंबईत येत. आज आपली मुले तिकडे जातात. काळ कसा फिरतो पाहा!

५ ऑक्टोबर १९३२ रोजी पहिले विमान इथे उतरले. चार इंजिनांचे, एकावर एक असे दुहेरी पंख असलेले ते धूड ताशी सुमारे १६० किलोमीटर वेगाने उडे. लंडनहून कराचीला पोहोचायला सुमारे आठवडा लागे. प्रवाशांना रात्री झोपण्यासाठी ही किल्ल्यासारखी धर्मशाळा बांधली. टोळ्यांच्या हल्ल्याची भीती होती, म्हणून जाड भिंती आणि पहारा.

पुढचा दुवा मुंबईचा आहे. इंपिरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेली टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी स्वतः छोटे विमान चालवीत अहमदाबादमार्गे जुहूला आणली. भारतीय विमानसेवेचा आरंभ तो हाच.

भिंतीवरचे १९३२ हे साल मी पाहतच राहिलो. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याला पुणे करार झाला. आपल्या समाजाच्या हक्कांची ती कठीण घडी आणि हे विमान उतरले त्यात दोन आठवड्यांचेसुद्धा अंतर नाही. त्याच वर्षाअखेर तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बाबासाहेब बोटीने लंडनला गेले. जगात काही माणसे आकाशात उडू लागली होती, आणि त्याच वेळी आपल्या माणसांना रस्त्याने सरळ चालता यावे म्हणून एक महामानव झगडत होता.

आईची आठवण

मागच्या मोठ्या शेडमध्ये जुनी विमाने दुरुस्त करून मांडली आहेत. त्यांत डीसी-३ जातीचे, म्हणजे आपल्याकडे 'डाकोटा' म्हणत ते विमान आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात ही विमाने सर्वत्र उडत.

डाकोटापुढे आई थांबली. मग मुलांना जवळ घेऊन तिने सांगितले. तिचे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेल्याची बातमी आली आणि चाळीत चूल पेटली नाही. दिल्लीहून विमानाने पार्थिव येणार असे कळताच ते सांताक्रूझकडे चालत निघाले. मध्यरात्र उलटून गेल्यावर विमान उतरले. हजारो माणसे अंधारात रडत उभी होती. "माझ्या बापाने जन्मात एकच विमान जवळून बघितले," आई म्हणाली, "आणि त्यातून आपला बाप आला, तो असा."

तिने हात जोडले. यंत्राला नव्हे, त्या आठवणीला. आम्ही सगळे गप्प होतो.

काका मास्तर झाला

ती शांतता भावानेच मोडली. इंजिनापाशी जाऊन तो पोरांना म्हणाला, "हे बघा, चांदणीसारखी मांडणी. सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा, एकूण चौदा. प्रत्येकात पिस्टन. थंड करायला पाणी नाही, समोरून येणारी हवाच थंड करते." मग एसीच्या जुन्या मोठ्या कॉम्प्रेसरमध्येही पिस्टन कसा असतो, तिथे वीज पिस्टन हलवते आणि इथे पेट्रोलचा स्फोट कसा हलवतो, हे त्याने हाताच्या मुठी करून दाखवले. मुलाने विचारले, वाळवंटातल्या उन्हाचा विमानाला त्रास होत नाही का? भाऊ म्हणाला, "होतो ना! गरम हवा विरळ असते. पंखांना उचल कमी मिळते. म्हणून उन्हात विमानाला जास्त लांब पळावे लागते."

एक केरळी कुटुंब जवळ उभे होते. त्यांची दोन मुलेही ऐकू लागली. भावाने त्यांच्यासाठी पुन्हा हिंदीत सांगितले. त्याच्या अंगावर साधा शर्ट, हाताला ऑईलचे कायमचे डाग, पण आवाजात शिक्षकाचा आत्मविश्वास! सहा वर्षे आमच्या मुलांना हा काका म्हणजे चॉकलेट आणि पैसे पाठवणारा माणूस वाटत होता. त्या दिवशी त्यांनी प्रथमच जाणकार काका पाहिला. आणि खरे सांगायचे तर, मीही पाहिला.

"काका, हे कुठे शिकलात?" मुलीने विचारले.

"थोडे आयटीआयला. बाकीचे पुस्तके वाचून. तुझ्या आजोबांनी लावलेली सवय."

बाहेर पडताना माहिती मिळाली की समोरचा सरळसोट किंग अब्दुल अझीझ रस्ता हीच जुन्या विमानतळाची धावपट्टी. १९७७ साली नवे विमानतळ सुरू झाले आणि हे बंद पडले. भाऊ रस्त्याकडे बघून हसला. "दादा, सहा वर्षे मी धावपट्टीवरूनच कामाला जातोय!"

त्या रात्री मुलीने जाहीर केले की तिला विमान दुरुस्तीचे शिक्षण घ्यायचे आहे. तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, सुरक्षित नोकरी धरावी, असा माझा विचार होता. भाऊ म्हणाला, "दादा, मी विमानात बसून मजूर म्हणून आलो. हिला विमान उघडता आले पाहिजे. खर्चाचा वाटा मी उचलतो." मी अजून पूर्ण होकार दिलेला नाही, कारण फी मोठी आहे. पण नकारही मला देता आला नाही.

वाचकांसाठी थोडेसे

भावाने सांगितलेले काही इथे नोंदवतो. त्याच्याकडून एका एजंटाने ९० हजार रुपये घेतले होते. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. पावतीशिवाय पैसे देऊ नका. दहावी न झालेल्यांनी आखातात नोकरीसाठी जाताना इमिग्रेशनची मंजुरी घेतलीच पाहिजे. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत १० लाखांचे विमा संरक्षण मिळते. तुमचा पासपोर्ट ठेवून घेण्याचा अधिकार तिथल्या मालकाला नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास तिथल्या कायद्याने बंदी आहे.

विमान देखभालीचे शिक्षण घ्यायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे का, हे पाहूनच फी भरा.

आणि विमाने पाहायला परदेशीच गेले पाहिजे असे नाही. गोव्यात वास्कोजवळ बोगमाळो येथे नौदलाचे विमान संग्रहालय आहे. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आहे. सुटीत मुलांना बाजारात फिरवतो, तसे एकदा तिथे न्या. आत शिरताना पाय अडखळला, "इथे आपले काय काम?" असे मनात आले, तर परत फिरू नका. ज्ञान जिथे मांडून ठेवलेले आहे, तिथे आपलेच काम आहे.

निघताना विमानतळावर आईने धाकट्याचे तोंड दोन्ही हातांनी कुरवाळले. तो म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी मी खोलीतल्या पोरांना म्युझियम दाखवायला नेणार आहे."

पैसे आले का, हे त्याला आता आमच्या घरात कोणी पहिल्यांदा विचारीत नाही. मुलांचा पहिला प्रश्न असतो, "काका, आज काय दुरुस्त केले?"

जयभीम!