ट्रॅफिक जॅम, पोटातला जॅम आणि बरणीतला जॅम!

सिल्क बोर्डचा ट्रॅफिक जॅम प्रत्येक बेंगळुरूकराला तोंडपाठ आहे. पण माहीत आहे का, दिवस भरत जातात तसा बहुतेक आयांच्या पोटातही एक जॅम लागतो? तोही उजव्या लेनमध्ये!

वाढतं गर्भाशय थोडं उजवीकडे कलतं आणि उजव्या मूत्रवाहिनीवर, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळीवर, दाब देतं. डावीकडे मध्ये आतड्याची गादी असते, म्हणून ती बाजू निभावते. त्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन नळ्या सैल करतं. लघवी रेंगाळते आणि जंतूंची पार्टी सुरू! म्हणूनच गरोदरपणातलं किडनीचं इन्फेक्शन जास्त करून उजव्या बाजूला होतं.

किडन्यांचा ओव्हरटाइम तर आयटीवाल्यांनाही लाजवेल. या नऊ महिन्यांत किडनी सुमारे 1 सेंटिमीटर लांब होते आणि रक्त गाळायचा वेग जवळपास 50 टक्क्यांनी वाढतो.

या इन्फेक्शनचा व्हिलन कोण? ई. कोलाय हा जंतू! 1885 मध्ये थिओडोर एश्चेरिश यांना तो सापडला, तोही कुठे? तान्ह्या बाळांच्या शीमध्ये! आपल्या आतड्यात तो गुण्यागोविंदानं राहतो, मूत्रमार्गात शिरला की धिंगाणा घालतो. अनुकूल जागा मिळाली तर 20 मिनिटांत दुप्पट. आणि बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा. प्रवास किती सोपा, बघा!

आता खरा धक्का. 100 गरोदर बायकांपैकी 2 ते 10 जणींच्या लघवीत जंतू असतात, पण जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. उपचार झाले नाहीत तर त्यांतल्या साधारण दर तीन-चार जणींपैकी एकीच्या बाबतीत ते थेट किडनी गाठतात. बोस्टनच्या डॉ. एडवर्ड कॅस यांनी 1950 च्या दशकात लक्ष्मणरेषा आखून दिली : एक मिलिलिटर लघवीत 1 लाख किंवा जास्त जंतू दिसले, तर ते खरं इन्फेक्शन. आजही रिपोर्ट वाचताना तोच आकडा डॉक्टरांच्या डोक्यात असतो.

बेंगळुरूचं पब कल्चर जगजाहीर, पण गरोदर बाईसाठी महत्त्वाचं ते युरीन कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी! माहीत आहे का, त्याची रेसिपी स्वयंपाकघरातून आली? 1881 मध्ये जर्मनीत संशोधक वाल्टर हेसे यांचं जंतू वाढवायचं जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं. पत्नी फॅनी म्हणाल्या, मी जॅम-जेलीत घालते ते अगार वापरून बघा. अगार म्हणजे आपला चायना ग्रास! जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेनं तो उचलला आणि जगभरच्या लॅब आजही त्यावरच जंतू वाढवतात. फॅनीबाईंचं नाव मात्र फार कुणाला ठाऊक नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

आया आणि किडन्यांची ही जोडी बेंगळुरूच्या नकाशावरही दिसते : के. आर. मार्केटपाशी एक मस्त शेजार आहे. 1935 पासूनचं वाणी विलास हे बायका-मुलांचं सरकारी हॉस्पिटल, आणि जवळच व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात किडनी-मूत्रविकारांची खास संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ नेफ्रो-युरॉलॉजी.

आणि घरगुती उपाय? क्रॅनबेरी ज्यूस? वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायकांना तो थोडा उपयोगी पडतो, पण 2023 च्या मोठ्या आढाव्यात गरोदर बायकांना फायदा दिसला नाही. सातूचं पाणी खुशाल प्या, पण त्याला अँटिबायोटिकची जागा देऊ नका.

आता जरा वरवर चाळणं थांबवून नीट वाचा. थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत ठणका, उलट्या : गरोदरपणात यावर गोळी घेऊन घरी पडून राहायचं नाही. बहुतेक वेळा ॲडमिट करून सलाइनमधून औषध द्यावं लागतं. उशीर झाला तर जंतू रक्तात भिनतात, बाळंतपण वेळेआधी सुरू होऊ शकतं.

आउटर रिंग रोडवर तासन्‌तास लघवी दाबून बसणाऱ्या मैत्रिणींनो, निघण्याआधी जाऊन या, वाटेत लागली तर गाडी थांबवायला लावा. आणि पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना युरीन कल्चरचं विचारा, काही होत नसलं तरी! दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची तपासणी मोफत असते.