काजूच्या ग्रेड, अ‍ॅरे आणि काही पक्के गैरसमज

वेंगुर्ल्यातल्या एखाद्या काजूवाल्याची वेबसाइट जावास्क्रिप्टमध्ये करायला घेतली, तर पहिली यादी ग्रेडची होणार : १८०, २१०, २४०, ३२०. ग्रेडचा हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती अख्खे गर बसतात तो. आकडा लहान, तितका गर मोठा. ही यादी अ‍ॅरेत टाकून ‘सॉर्ट’ चालवले की क्रम बरोबर लागतो, आणि सॉर्टला आकडे कळतात हा गैरसमज तिथेच पक्का होतो.

सॉर्टला आकडे कळत नाहीत. वेगळे काही सांगितले नाही, तर तो प्रत्येक घटकाला मजकूर मानतो आणि डावीकडून एकेक चिन्ह ताडत जातो. ग्रेड सगळ्या तीन अंकी, म्हणून चूक झाकली जाते. आता दर लावून बघा : ९५० आणि ११००. अकराशे आधी येतात, कारण १ हा ९ च्या आधी. सॉर्टला तुलनेचे फंक्शन द्यावे लागते. पहिल्यातून दुसरा वजा करायचा, उत्तर उणे आले तर पहिला पुढे. चाचणीची यादी म्हणूनच कधी एकसारख्या अंकांची घेऊ नये. (आणि कोडमध्ये देवनागरी अंक चालत नाहीत; ‘१८०’ या मजकुराचा आकडा करायला गेलात तर ‘नॅन’ हाती येते.)

शिवाय सॉर्ट मूळ यादीच हलवतो. मूळ क्रम हवा असेल तर २०२३ च्या आवृत्तीतले ‘टूसॉर्टेड’ वापरावे.

‘कॉन्स्ट’ लिहिले की अ‍ॅरे गोठतो, हेही खोटे. ते नाव दुसऱ्या अ‍ॅरेला देता येत नाही, एवढेच. ‘पुश’ खुशाल चालते. बरोबरीच्या चिन्हाने नवी प्रत निघत नाही, दोन्ही नावे एकाच यादीची राहतात. पीएचपीत मात्र प्रत निघते, त्यामुळे दोन्ही भाषांत काम करणारे इथे हमखास फसतात.

पीएचपीचा सापळा वेगळा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या काजू जाती, वेंगुर्ला-१ ते वेंगुर्ला-९, अ‍ॅरेत भरल्या तर मोजणी शून्यापासून होते : वेंगुर्ला-४ तिसऱ्या क्रमांकावर. ती ‘अनसेट’ने काढली की मागच्या जाती पुढे सरकतात असे वाटते. सरकत नाहीत, पीएचपीचा अ‍ॅरे क्रमांक-किंमत अशा जोड्यांचा असतो. ‘काउंट’ ८ सांगतो, शून्य ते सात फिरणारा लूप तीनवर इशारा देतो, आणि आठव्या क्रमांकावरची वेंगुर्ला-९ पडद्यावर येतच नाही. ‘फॉरईच’ वापरा, नाहीतर ‘अ‍ॅरे व्हॅल्यूज’ने क्रमांक नव्याने लावून घ्या.